जिन्याच्या उभ्या बाजूला काय लावावं?



आज आपण जिन्याबद्दल बोलणार आहोत, पण सगळ्या जिन्याबद्दल नाही. पायरीच्या ज्या आडव्या भागावर आपण पाय ठेवतो, त्याला कारागीर ट्रेड म्हणतात. दोन पायऱ्यांच्या मधला जो उभा भाग, तो रायझर. गवंडी असो, फरशीवाला असो की सुतार. इंदूरला जा, बडोद्याला जा, नाहीतर बंगळूरला, हा शब्द सगळीकडे चालतो. म्हणून मीही तोच वापरणार आहे.

घर बांधताना ट्रेडला कोणता दगड लावायचा यावर घरात आठ दिवस चर्चा होते. रायझरची वेळ आली की सगळे थकलेले असतात आणि मग "उरलेलं काहीतरी लावून टाका" असा हुकूम सुटतो. दोन वर्षांनी बघा, ट्रेड ठणठणीत असतो आणि रायझर काळवंडलेला. गंमत म्हणजे खालच्या खोलीत बसून जिन्याकडे पाहिलं, की मुख्यतः दिसतात ते रायझरच.

पण हा विषय फक्त दिसण्याचा असता, तर मी त्यावर तुमचा एवढा वेळ घेतला नसता. रायझरला काय लावता आणि किती जाडीचं लावता, यावर पायरीवर पावलाला किती जागा उरते हे ठरतं. रंग कोणता निवडता, यावर सत्तरीच्या आजीला पायरी नीट दिसते की नाही हे ठरतं. घरात जिन्यावरून पडणं म्हणजे त्या वयात खुब्याचं हाड, महिनोन्‌महिने अंथरूण आणि पुढचं सगळं. म्हणून टिकाऊपणा, साफसफाई आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टी आज एकत्रच पाहू.

आधी ओळखा, मार कुठून बसतो

आम्ही सैन्यातली माणसं कुठलाही बचाव आखताना पहिला प्रश्न विचारतो : हल्ला कुठून येणार? रायझरवर तो तीन बाजूंनी येतो.

पहिला बुटाच्या टोकाचा. चढताना पायाचं टोक रायझरला लागतं. त्यातून दोन वेगळ्या खुणा उमटतात आणि त्यांत गल्लत करू नका. एक म्हणजे काळा ओरखडा. तो बहुतेक वेळा सोलचं रबर रायझरवर घासून चढलेलं असतं. खालचा रंग शाबूत असतो आणि डाग निघतो. दुसरा म्हणजे टवका. तिथे रंग किंवा त्याखालची लांबीच उडालेली असते. ती पुसून परत येत नाही.

दुसरा हल्ला पाण्याचा. रोज पोछा मारताना रायझरची खालची दोन बोटं भिजतात. वरचा भाग वर्षानुवर्षं कोरडा, खालची पट्टी मात्र रोज ओली. रंगाला फुगे येतात ते तिथेच, आणि प्लायवुड फुगतं तेही तिथेच.

तिसरा धुळीचा. ट्रेड आणि रायझर जिथे मिळतात त्या कोपऱ्यात झाडू नीट पोहोचत नाही. पायरीची पुढे आलेली कड, म्हणजे नोझिंग, तिच्या खालच्या बाजूला जाळी धरतात. तिथे जितकी खोबण, नक्षी आणि सांधे जास्त, तितकी घाण जास्त.

म्हणजे आपल्याला हवा आहे तो पृष्ठभाग टणक असावा, पण चटकन टवका उडणारा नसावा. पाणी न पिणारा असावा. आणि गुळगुळीत असावा, पण आरशासारखा चमकणारा नसावा. यातला शेवटचा मुद्दा का, ते पुढे सांगतो.

एक छोटा हिशोब

रायझर किती चौरस फूट भरतील? पायऱ्या मोजत बसायची गरज नाही. एका मजल्याची उंची गुणिले जिन्याची रुंदी, झालं उत्तर. पायऱ्या पंधरा असोत की अठरा, सगळ्या रायझरची उंची मिळून मजल्याच्या उंचीएवढीच होणार. मजला ३ मीटर उंच आणि जिना १ मीटर रुंद असेल, तर एकूण ३ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३२ चौरस फूट.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो फार लहान आहे. एका न्हाणीघराच्या भिंतींना याहून कितीतरी जास्त टाइल लागते. तेव्हा रायझरसाठी माल निवडताना हात आखडता घेऊन हाती फारसं काही लागत नाही. इथे खरा खर्च मजुरीचा आहे, कारण प्रत्येक तुकडा कापून, मापून बसवावा लागतो. स्वस्त माल लावा की चांगला, मजुरी तेवढीच. म्हणून माल चांगलाच घ्या.

रंग : स्वस्त, पण शिस्त मागणारा

सिमेंटच्या गिलाव्यावर रंग देणं हा सर्वांत सोपा उपाय. पण भिंतीचा रंग इथे लावू नका. डिस्टेंपर तर नाहीच, साधं मॅट इमल्शनही नाही. रंगात चिकटवणारा द्रव भाग असतो आणि रंगद्रव्याची भुकटी असते. मॅट रंगात भुकटी जास्त, त्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत राहतो. मळ त्यात रुतून बसतो आणि घासलं की तिथे वेगळी चकाकी येते. चमक वाढते तसा चिकट भाग वाढतो, पृष्ठभाग बंद होतो आणि ओल्या फडक्याने पुसता येतो.

मग सगळ्यांत चमकदार ऑइल पेंट घ्यावा का? तो टणक असतो, वर्षानुवर्षं आपल्याकडे तोच चालत आला. जुन्या सरकारी इमारतींत आणि बराकीत भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांना गडद ऑइल पेंटचा पट्टा असायचा, तो याच कारणासाठी : धुता यावा. पण त्याचे तीन दोष. पांढरा ऑइल पेंट कमी उजेडात पिवळा पडतो, आणि बहुतेक घरांत जिना हीच अंधारी जागा. दुसरं, नव्या सिमेंटमध्ये अल्कली असते आणि ती तेलाच्या रंगाला अक्षरशः साबण करून टाकते. रंग मऊ आणि चिकट होऊन सुटतो. तिसरं, त्याचा वास आणि वाळायला लागणारा वेळ.

म्हणून माझी शिफारस पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक इनॅमलची, आणि तीही सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस चमकेची. पिवळा पडत नाही, वास कमी, लवकर वाळतो. वर सांगितलेल्या ३ चौरस मीटरला दोन हात मारायला एक लिटरचा डबा पुरून उरतो. उरलेला रंग झाकण घट्ट लावून ठेवा. पुढे टवका उडाला तर त्याच डब्यातला उपयोगी पडेल.

काम करताना चार गोष्टी पाळा.

पहिली : नवा गिलावा असेल तर महिनाभर तरी वाळू द्या, मग त्यावर अल्कली सहन करणारा प्रायमर.

दुसरी : लांबी पातळ ठेवा. रंगारी गुळगुळीतपणासाठी जाड लांबी भरतो. भिंतीवर ते चालतं. रायझरवर लाथ बसते. वरचा रंग कितीही टणक असला तरी खालची जाड, भुसभुशीत लांबी फुटली की टवका उडणारच.

तिसरी : जुना रंग कोणता आहे ते ओळखा. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस त्यावर घासा. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर तो पाण्याचा; काही झालं नाही तर बहुधा तेलाचा. तेलाच्या चकचकीत रंगावर पॉलिश पेपर न मारता पाण्याचा रंग चढवलात, तर तो सालीसारखा निघतो. आधी चमक मारा, धूळ पुसा, प्रायमर द्या, मग रंग.

चौथी सर्वांत महत्त्वाची. जुन्या घरातल्या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाबद्दल खात्री धरू नका. असा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर बसते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती घातक असते. पाणी मारून ओलाच घासा, मास्क लावा, चिखल गोळा करून टाका आणि त्या दिवशी मुलांना व गरोदर बाईला त्या घरात ठेवू नका. नातवंडं सुट्टीला येण्याच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका, एवढं तरी नक्की.

रंग हाताला वाळणं वेगळं आणि पूर्ण मुरणं वेगळं. दुसऱ्या दिवशी जिना वापरा, पण निदान आठवडाभर ओला पोछा रायझरला लावू नका.

दगड : एकदाच लावा, पण ओळखून लावा

आपल्या देशात दगडाची श्रीमंती आहे. कर्नाटक, आंध्र, तेलंगणात ग्रॅनाइट, राजस्थानात मकराण्याचा संगमरवर आणि कोटा, कलबुर्गीकडे शहाबादी, आंध्रात कडप्पा. जो तुमच्या जवळ मिळतो तो स्वस्त पडतो, हे उघड आहे. पण साफसफाईच्या दृष्टीने यांचे दोन गट पडतात आणि ते दुकानदार सहसा सांगत नाही.

ग्रॅनाइट हा एक गट. त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतं. टणक, पाणी फारसं न पिणारा. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांना दाद न देणारा.

दुसऱ्या गटात संगमरवर, कोटा, शहाबादी आणि कडप्पा. दिसायला चारही वेगळे, पण रसायनाने सगळे चुन्याचे भाऊ. आम्ल लागलं की पृष्ठभाग खाल्ला जातो आणि निस्तेज डाग पडतो. कामवाल्या बाईने न्हाणीघराचं ॲसिड घालून जिना "स्वच्छ" केला, की पॉलिश कायमचं गेलं. वाईट दगड आहेत असं नाही. कोट्याच्या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. फक्त साबणाचं साधं पाणी सोडून त्यांना दुसरं काही दाखवू नका.

नवं घर बांधत असाल आणि ट्रेड ग्रॅनाइटचा असेल, तर रायझरही ग्रॅनाइटचाच करा, फक्त फिक्या रंगाचा.

टाइल : आज बहुतेकांना परवडणारं उत्तर

गुजरातमधल्या मोरबीमुळे चांगली टाइल आज देशभर मिळते. पण टाइल म्हणजे सगळी एकच नव्हे. भिंतीची साधी ग्लेझ्ड सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. तिचा आतला भाग मऊ असतो. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी पिते आणि कितीतरी टणक असते. रायझर उभा असला, तरी त्याला भिंत समजू नका. त्यावर लाथा बसतात, म्हणून जमिनीची व्हिट्रिफाइड टाइलच घ्या.

माप कोणतं? इथे थोडं डोकं चालवा. ६०० बाय १२०० मिलिमीटरची टाइल घेतली, तर १ मीटर रुंद जिन्याला एका अखंड पट्टीत रायझर होतो, मध्ये सांधा नाही. रायझर १७ सेंटिमीटरपर्यंत असेल तर एका टाइलमधून तीन पट्ट्या निघतात. अठरा रायझरना सहा टाइल. तूटफूट धरून आठ घ्या. याउलट ६०० बाय ६०० ची टाइल घेतली, तर प्रत्येक रायझरवर एक उभा सांधा येतो. जितके सांधे कमी, तितका मळ कमी.

बसवताना कारागिराला दोन गोष्टी ठामपणे सांगा. जुना रंग खरवडून, टाचे मारून मगच टाइल लावायची. आणि मागे चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून दाबायचं नाही. चिकट मसाला पूर्ण पसरायचा. गोळ्यांवर बसवलेली टाइल मध्ये पोकळ राहते, आणि बुटाचं टोक नेमकं तिथेच लागतं. दुसऱ्या दिवशी नाण्याने टकटक करून पाहा. भद्द आवाज आला तर ती पट्टी पैसे देण्याआधी बदलून घ्या.

सांध्यात, विशेषतः खालच्या कोपऱ्यात, साधं सिमेंटचं ग्राउट भरलं तर पोछ्याचं पाणी पिऊन ते काळं पडतं. तिथे इपॉक्सी ग्राउट वापरा. महाग असतं, पण लागतं किती थोडं.

नक्षीच्या टाइलचा सध्या शौक आहे. प्रत्येक रायझरला वेगळी नक्षी. छान दिसते. फक्त छापील नक्षी घ्या, उठावाची नको. उठावात धूळ बसते आणि ती दातघासणीच्या ब्रशने काढावी लागते. ते काम कोण करणार, हे घरात आधी ठरवून घ्या.

लाकूड, मोझेक आणि भाड्याचं घर

कोकणात, गोव्यात जुन्या घरांत सागवानी जिने आहेत. त्यांच्या रायझरवर काही चिकटवू नका. लाकडाचंच रूप ठेवायचं असेल तर पॉलियुरेथेन पॉलिश, म्हणजे सुतार ज्याला पीयू म्हणतात ते, पाण्याला आणि ओरखड्याला चांगलं तोंड देतं. लाख पॉलिश सुंदर दिसतं, पण पाण्याचे पांढरे डाग धरतं. नवी उभी फळी घालायची तर पाणी सहन करणारं प्लाय घ्या. आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का आहे. खालची कड उघडी ठेवू नका, तिलाही रंगाचा हात द्या. पाणी आत शिरतं ते तिथूनच.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारतींत जागेवर ओतलेल्या मोझेकच्या पायऱ्या असतात. त्या झाकायच्या आधी एकदा हातमशीनने घासून पॉलिश करून पाहा. आतला दगडी दाणा पुन्हा उजळून निघतो.

भाड्याच्या घरात चिकटपट्टीची व्हिनाइल नक्षी चालेल, पण खालची कड ओलाव्याने सुटते हे धरून चाला. आणि सुटलेली कड पायात अडकायच्या आत काढून टाका.

ओलीबद्दल एक शब्द. किनारपट्टीवर, ईशान्येत, केरळात तळमजल्याच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत जमिनीतली ओल चढते. तिथे रंग कोणताही लावा, तो फुगणारच. आधी ओलीचा बंदोबस्त, आणि खालच्या पायऱ्यांना दगड किंवा टाइल. राजस्थान, दिल्लीकडे ओल नाही, पण धूळ आहे. तिथे सांधे कमी ठेवण्याकडे लक्ष द्या.

जाडीचा हिशोब चुकवू नका

आता सुरक्षिततेचा मुद्दा. नॅशनल बिल्डिंग कोडनुसार घरातल्या जिन्याचा ट्रेड निदान २५० मिलिमीटर हवा आणि रायझर जास्तीत जास्त १९० मिलिमीटर. आपल्याकडचे बरेच जिने आधीच या सीमेवर आहेत. जुन्या रायझरवर टाइल आणि चिकट मसाला मिळून १२ मिलिमीटर वाढले, तर खालच्या पायरीवरची पावलाची जागा तेवढी कमी होते. जाड दगड सिमेंटच्या मसाल्यात बसवला तर तीस मिलिमीटरही जातात, आणि नोझिंगची पुढे आलेली कड नाहीशी होते. चढताना टाच हवेत राहते. अरुंद जिन्याला म्हणूनच रंग बरा. तो जागा खात नाही.

दुसरं, रायझरसोबत ट्रेडही नवा करत असाल आणि खालची-वरची जमीन तशीच ठेवत असाल, तर पहिली पायरी तेवढी उंच आणि शेवटची तेवढी बुटकी होते. आपले पाय मोजून चालतात. दोन-तीन पायऱ्यांत त्यांना लय सापडते आणि मग डोळा पाहत नाही. त्या लयीत २० मिलिमीटरचा फरक आला की माणूस अडखळतो. काम संपल्यावर टेप लावून प्रत्येक रायझर मोजा. सगळे सारखे यायला हवेत.

रंगछटा आणि नजर

पांढऱ्या रायझरवर बुटाची प्रत्येक रेघ दिसते. काळ्यावर धूळ आणि सुकलेल्या पाण्याचे ठिपके दिसतात. मळ सोसायला मधला रंग बरा : करडा, बदामी, फिकट मातकट.

चढताना रायझर समोर असतो. तो ट्रेडपेक्षा फिका असला तर पायऱ्या वेगळ्या कळतात. पण उतरताना रायझर दिसतच नाही, आणि उतरतानाचं पडणं जास्त वाईट. तेव्हा डोळ्याला हवी असते ती ट्रेडची कड. मोतीबिंदू असेल किंवा दोन भिंगांचा चष्मा असेल, तर खाली पाहताना कड पुसट होते. म्हणून रायझर कितीही सुंदर करा, नोझिंगवर वेगळ्या रंगाची, न घसरणारी पट्टी हवीच. आणि आरशासारखी चमक नको म्हणालो ते याचसाठी : दिव्याचा झोत रायझरवरून डोळ्यावर येतो आणि पायरी हरवते.

साफसफाईची पद्धत

वरून खाली या. आधी कोरड्या मऊ ब्रशने कोपरे आणि नोझिंगची खालची बाजू. मग साध्या साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं. शेवटी कोरडं फडकं. आठवड्यातून एकदा पुरे. काळ्या रबरी रेघा शाळेच्या खोडरबराने निघतात. तारेची घासणी आणि ॲसिड जिन्यापासून लांब ठेवा.

तर मग काय निवडायचं?

नवं घर असेल तर फिका ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाइड टाइल. जुना जिना आणि ट्रेड ऐसपैस, तर टाइलची अखंड पट्टी आणि इपॉक्सी ग्राउट. जुना जिना आणि ट्रेड अरुंद, तर सॅटिन ॲक्रिलिक इनॅमल. लाकूड असेल तर पीयू. मोझेक असेल तर आधी पॉलिश करून पाहा.

दुकानात जाण्याआधी आज एवढंच करा : टेप घ्या, पहिला, मधला आणि शेवटचा रायझर मोजा, एका ट्रेडची खोली मोजा आणि कागदावर लिहा. ते चार आकडे हातात असले, की दुकानदार तुम्हाला काय विकतो हे तुम्ही ठरवाल, तो नाही.

पुढच्या भागात जिन्याच्या कठड्याबद्दल बोलू : उंची किती हवी, गजांमध्ये अंतर किती ठेवायचं आणि हाताला नीट धरता येईल असा आडवा दांडा कसा ओळखायचा. तोवर पायऱ्या जपून उतरा.

जय हिंद.